सत्यवतीनं सुवर्णाला असं टाकून जायला हवं होतं का? (आशापूर्णा देवींच्या तीन पिढ्यांच्या कादंबऱ्या)

ओसरी

नमस्कार मंडळी. आशापूर्णा देवींच्या तीन कादंबऱ्या, प्रथम प्रतिश्रुती, सुवर्णलता आणि बकुळकथा, हिंदीतून सलग वाचून काढल्या. बंगाली येत नाही. रोज कल्याणहून गाडीत जाता येता वाचायचे, चार महिने लागले. संपून पंधरा दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीयेत म्हणून हा धागा. ज्यांना वाचायच्या आहेत त्यांनी पुढे वाचू नका, शेवटासकट सगळं लिहितेय.

ज्यांनी वाचल्या नाहीत तरी ऐकायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिल्या भागात सत्यवती, एकोणिसाव्या शतकातल्या बंगालमधल्या खेड्यातली, वडील रामकाली नावाचे नामांकित वैद्य. आठव्या वर्षी लग्न झालेलं, पण मोठी होईपर्यंत माहेरी. ही पोर कुणालाही काहीही विचारते. बायकोला मारणाऱ्या नात्यातल्या दादावर कवन रचते आणि ते गावातली पोरं म्हणत फिरतात. पुढे सासरी जाते, सासू एलोकेशी म्हणजे जिभेला हाड नाही, नवरा नवकुमार मऊ मेण. तो मरणाच्या दारात असतो तेव्हा ही घरच्यांचा विरोध पत्करून कलकत्त्याहून साहेब डॉक्टर आणवते, पुढे त्याला घेऊन कलकत्त्यात बिऱ्हाड थाटते, आणि मुलगी सुवर्णा झाल्यावर ठरवते की हिला शाळेत घालायचं, हिचं लग्न लहानपणी होऊ द्यायचं नाही. बेथून शाळेत घालते सुद्धा.

आणि मग आठ-नऊ वर्षांची सुवर्णा सुट्टीत आजीकडे गेलेली असताना एलोकेशी परस्पर तिचं लग्न लावून टाकते. बाप तिथेच असतो. सत्यवती पोचते तेव्हा सगळं उरकलेलं असतं. ती आत जात नाही, मुलीला जवळ घेत नाही, आल्या पावली वळते आणि काशीला वडिलांकडे निघून जाते. कायमची. कादंबरी तिथे संपते.

मला पहिल्यांदा वाचताना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या. पण दुसरा भाग सुरू झाला आणि माझं मत फिरायला लागलं कारण दुसऱ्या भागात आपण सुवर्णाच्या बाजूला असतो. नऊ वर्षांची पोर, सासरी उठता बसता ऐकून घेतेय की तुझी आई घर सोडून गेलेली. शाळा सुटली, पुस्तक सुटलं, आईसुद्धा सुटली. लग्न आजीनं लावलं, बापानं होऊ दिलं, आणि शिक्षा मात्र मुलीला? सत्यवती राहिली असती, भांडली असती, निदान मुलीला वर्षातून दोनदा माहेरपणाला आणता आलं असतं ना?

यात माझं घरातलं पण एक आहे म्हणून जास्त लागलं बहुतेक. माझ्या आजीची आई एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. साल साधारण 1920. ती हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत शिकायला गेली आणि नंतर शिक्षिका झाली. तीन वर्षांची मुलगी, म्हणजे माझी आजी, सासरच्यांनी ठेवून घेतली. आजी 2003 साली गेली तोपर्यंत तिनं एकदाही 'माझी आई' असा शब्द उच्चारलेला मी ऐकला नाही. 'त्या बाई' म्हणायची. घरात सगळे पणजीचं कौतुक करायचे, त्या काळात शिकली वगैरे, आणि आजी उठून आत जायची.

तर तुम्हाला काय वाटतं?

तिखटमीठ

मी सत्यवतीच्या बाजूनं. शंभर टक्के. राहिली असती तर काय झालं असतं ते आपल्याला माहितीये, चार दिवस रडली असती, पाचव्या दिवशी स्वयंपाकाला लागली असती, आणि सगळे म्हणाले असते बघा, सगळं ठीक होतं शेवटी. नवकुमारला आयुष्यात एकदा तरी कळायला हवं होतं की काही गोष्टींना 'होईल ठीक' नसतं. आणि तिला लग्न मोडता येणार होतं का? नाही. मग ती एकच गोष्ट करू शकत होती, त्या लग्नाला आपली संमती नाही हे सगळ्या गावासमोर दाखवणं.

हुगळीकाठ

धागा बघून इतका आनंद झाला! मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर 19 वर्षं कोलकात्यात आहे, सासर बंगाली. या तिन्ही कादंबऱ्या मला माझ्या सासूबाईंनी वाचून दाखवल्या. मला तेव्हा बंगाली बोलता यायचं थोडं थोडं पण वाचता येत नव्हतं, दुपारी जेवणं झाली की त्या पलंगावर बसून मोठ्यानं वाचायच्या आणि मी मटार सोलत ऐकायचे. त्यामुळे माझ्यासाठी सत्यवतीचा आवाज म्हणजे त्यांचाच आवाज.

ओसरी, तुमचा प्रश्न आमच्याकडेही झालाय आणि चांगला कडाक्याचा झालाय. सासूबाई सत्यवतीच्या विरुद्ध होत्या. त्या म्हणायच्या की आईनं आत जाऊन मुलीच्या डोक्यावर हात तरी ठेवायचा होता. आणि मामेसासूबाई, ज्या कॉलेजात शिकवायच्या, त्या म्हणायच्या हात ठेवला असता तर पाय निघाला असता का? दोघी दर पूजेच्या सुट्टीत यावरून भांडायच्या, पुस्तकातल्या बाईवरून. घरात शेजारणीची गोष्ट निघावी तशी ती गोष्ट निघायची.

एक गोष्ट सांगते जी वाचताना सुटते कदाचित. 'गौरीदान' हा शब्द. आठ वर्षांच्या मुलीचं लग्न लावलं की बापाला गौरीदानाचं पुण्य. आपल्याकडेही 'अष्टवर्षा भवेत् गौरी' होतंच. म्हणजे एलोकेशी नुसती दुष्ट नाहीये, तिच्या हिशोबानं ती मुलाच्या पदरात पुण्य टाकतेय आणि शाळेत जाऊन बिघडायला निघालेल्या नातीला वाचवतेय. आशापूर्णांचं मोठेपण मला इथे वाटतं. छळणारी बाई पण त्याच घरात घडलेली असते हे त्या कधी विसरत नाहीत. पहिल्या भागातली मोक्षदा आठवा. बालविधवा, दिवसातून कितीतरी वेळा अंघोळ, सावली पडली की अंघोळ, सगळं घर तिला टरकून. पण निर्जळी एकादशीला, ऐन उन्हाळ्यात, घरात पाणी असून घोटभर न पिता पडून राहिलेल्या बाया तिथे दिसतात तेव्हा कळतं की हिच्याकडे सोवळ्याशिवाय दुसरं राहिलंय काय? तेवढीच तिची सत्ता. माझ्या साताऱ्याच्या घरात लाल आलवणातली एक चुलत पणजी होती असं आई सांगायची, तिच्याबद्दलही अगदी हेच सांगायची. इकडे पांढरं थान, तिकडे लाल आलवण, बाकी सगळं तेच.

जुनीवही

चांगला धागा. काळाचा थोडा संदर्भ देतो, त्यानं ओसरींच्या प्रश्नाकडे जरा वेगळं बघता येईल.

सत्यवतीला कायद्याची काय मदत होती? काहीच नाही. विधवाविवाहाचा कायदा 1856 सालचा, विद्यासागरांच्या खटपटीनं झालेला. पण बालविवाह होऊच नये असा कायदाच नव्हता. 1890 साली कलकत्त्यात फूलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा खटला गाजला, नवरा तिशी ओलांडलेला, त्याच्या जबरदस्तीत ती मुलगी मेली, आणि नवऱ्याला फारशी शिक्षाही झाली नाही कारण तेव्हा संमतीवयाची मर्यादा दहा होती. त्यानंतर 1891 चा संमतीवयाचा कायदा आला, दहाचं बारा केलं, आणि तेवढ्यावरही केवढा गदारोळ! आपल्याकडे टिळकांनी विरोध केलेला सर्वांना माहीत आहे. लग्नाचंच किमान वय ठरवणारा शारदा कायदा यायला 1929 उजाडलं, त्यात मुलीचं वय चौदा.

आणि याच सुमाराला आपल्या मुंबईत रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न, मोठी झाल्यावर नांदायला जायला नकार, नवऱ्यानं 1884 साली दावा लावला, 1887 साली कोर्टाचा हुकूम की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या तुरुंगात जाते. पुढच्या वर्षी तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. पण रखमाबाईंच्या पाठीशी त्यांचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन होते. सत्यवतीच्या सुवर्णाचा बाप त्याच मांडवात उभा होता. मला वाटतं सगळा फरक तिथे आहे. पुरुषांपैकी एक जण जरी 'नाही' म्हणाला असता तर ही कादंबरी वेगळी झाली असती.

म्हणून मला सत्यवतीचं जाणं मुलीला सोडणं वाटत नाही, नवकुमारला सोडणं वाटतं. दुर्दैवानं दोन्ही एकाच रस्त्यानं होतं.

कापूसवात

जुनीवही, शेवटचं वाक्य फार पटलं.

मला मात्र या तिन्हींतला कुठला प्रसंग विचाराल तर वरांड्याचा. कुणी लिहिला नाही अजून म्हणून मी लिहिते. सुवर्णलतेच्या सासरचे नवीन घर बांधत असतात. ती पोरवयाचीच, ती नवऱ्याकडे एकच मागते, रस्त्याच्या बाजूला एक वरांडा ठेवा. बस. दागिना नाही, साडी नाही. उभं राहून रस्ता बघता येईल, माणसं जाताना येताना दिसतील. प्रबोध हो हो म्हणतो, झालाय म्हणतो, तू बघशीलच म्हणतो. ती मनात तो वरांडा हजारदा बघून घेते. वास्तुशांतीच्या दिवशी सगळ्या बाया पूजेच्या गडबडीत, आणि ही पोरगी खोलीखोलीतून धावत वरांडा शोधतेय, या दारातून त्या दारात, जिना चढून वर, परत खाली. आणि वरांडा नाहीच. तो मुळात बांधायचाच नव्हता. तिला गप्प बसवायला हो म्हटलं होतं.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. मारहाण वाचून मला इतकं झालं नव्हतं. कारण हे खोटं किती साधं आहे! आपल्या नवऱ्यानं, भावानं, बापानं, कुणी ना कुणी असं 'हो हो' म्हटलेलं आहेच आपल्याला.

आम्ही गिरगावात चाळीत वाढलो. कॉमन गॅलरी होती. आई दुपारी तीन ते साडेतीन तिथे उभी राहायची, फक्त अर्धा तास, कठड्याला टेकून. कुणाशी बोलायची नाही. नंतर आम्ही उपनगरात फ्लॅट घेतला, मोठा, स्वतंत्र बाथरूम, सगळं. बाल्कनी होती ती दादाच्या अभ्यासासाठी काचा लावून खोलीत घेतली. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, मलाही तेव्हा बरोबरच वाटलं. आईनं पण हो म्हटलं. पण ती नंतर दुपारी तीनला स्वयंपाकघराच्या खिडकीत स्टूल ठेवून बसायची आणि त्या खिडकीतून फक्त मागच्या बिल्डिंगचे पाइप दिसायचे. सुवर्णलता वाचेपर्यंत मला हे कधी दिसलंच नव्हतं. आई 2016 ला गेली. आता काय.

ओसरी

कापूसवात, __/\__ काय बोलू. माझ्याकडे पण बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे.

जुनीवही, तुमचा नवकुमारचा मुद्दा मान्य, पण एक अडतंच. आई गेली त्याची झळ नवकुमारला किती लागली? तो आयुष्यभर बिचारा म्हणून मिरवला. झळ सुवर्णाला. 'ज्या बाईची आई घर सोडून गेली' हे तिच्या सासूच्या, मुक्तकेशीच्या, हातातलं कायमचं हत्यार. म्हणजे एका बाईनं केलेल्या निषेधाची किंमत दुसऱ्या बाईकडून वसूल होते. हे मला खटकतं, सत्यवतीबद्दल नाही म्हणत, त्या सगळ्या व्यवस्थेबद्दल म्हणते, पण मग आपण नुसतं सत्यवतीला टाळ्या वाजवून मोकळं कसं व्हायचं?

पारंबी

थोडा वेगळा सूर लावते, रागावू नका. मलाही पुस्तकं आवडली आहेत. पण या तिन्ही भागांत घर कुणाचं आहे? कुलीन ब्राह्मणाचं, भद्रलोकांचं. जमीनजुमला असलेलं, विधवांना बसून सोवळं पाळता येईल एवढं खाऊन पिऊन सुखी. या घरांत भांडी घासणाऱ्या, धान्य कांडणाऱ्या, बाळंतपणं करणाऱ्या सुईणी, त्यांच्या पण तीन पिढ्या असतीलच की. त्या रस्त्यावरच होत्या, त्यांना वरांडा नको होता, त्यांना बसायला सावली हवी होती. मला वाचताना सारखं वाटत होतं की कॅमेरा जरा हलवा.

आपल्याकडे 1855 साली मुक्ता साळवे, सावित्रीबाई-जोतीबांच्या शाळेतली चौदा वर्षांची मातंग समाजातली मुलगी, ज्ञानोदयमध्ये निबंध लिहिते मांग-महारांच्या दुःखाबद्दल, आणि त्यात आमच्या बाया उघड्यावर बाळंत होतात, थंडीवाऱ्यात त्यांना काय होत असेल हे लिहिते. म्हणजे सत्यवतीच्याच शतकात हा आवाज लिहून छापून आलेला होता. आशापूर्णांवर टीका नाही ही, त्यांनी जे घर पाहिलं ते लिहिलं आणि खोटं लिहिलं नाही. पण आपण चर्चा करताना 'त्या काळची बाई' असं म्हणतो तेव्हा एवढं ध्यानात असू द्यावं.

तिखटमीठ

पारंबी, मुद्दा बरोबर. रागावायचं काय त्यात. पण शंकरी आठवा ना पहिल्या भागातली, विधवा, घरातून पळून जाते, पुढे कलकत्त्यात दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला राहते. उच्च जातीची असून एका पावलात रस्त्यावर येते. आणि सत्यवती तिच्या मुलीला, सुहासला, घरात घेते, शिकवते, तिचं लग्न मार्गी लागतं. कॅमेरा अगदीच हलत नाही असं नाही.

पारंबी

हो, शंकरी-सुहासचा भाग मलाही सगळ्यात धीट वाटला. मान्य. पण तरी ती त्या घरातून घसरलेली आहे. माझं म्हणणं पहिल्यापासून बाहेर असलेल्यांबद्दल होतं. असो, दोन्ही खरं आहे.

हुगळीकाठ

पारंबींनी 'जे घर पाहिलं ते लिहिलं' म्हटलंय त्यावरून. आशापूर्णा 1909 मध्ये कलकत्त्यात जन्मल्या. एकत्र कुटुंब, आजीचा शब्द शेवटचा, आणि आजीच्या मते मुलींना शाळा नकोच. त्यामुळे त्या एक दिवस सुद्धा शाळेत गेल्या नाहीत. भाऊ अभ्यासाला बसायचे तेव्हा समोर बसून, ऐकून बघून अक्षरं शिकल्या. आईला मात्र वाचनाचं भयंकर वेड, घरात मासिकं पुस्तकं यायची, आणि मुली ती सगळी वाचायच्या. तेराव्या वर्षी, 1922 ला, पहिली कविता छापून आली, तिचं नावच 'बाहेरची हाक'. पंधराव्या वर्षी लग्न. पुढचं सगळं लिखाण घरचं काम, मुलं, पाहुणे सगळं उरकून. आणि 1976 साली ज्ञानपीठ, ते मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री लेखिका.

म्हणजे सुवर्णलतेची शाळा सुटली हे त्यांनी कल्पनेनं लिहिलेलं नाही, यांची तर सुरूच झाली नव्हती. सासूबाई सांगायच्या की त्यांच्या पिढीतल्या बायकांना आशापूर्णा 'आपल्यातल्या' वाटायच्या, डोक्यावर पदर, हातात सवाष्णीच्या शाखा-पोला बांगड्या, दिसायला अगदी घरातली थोरली जाऊ, आणि लिहायला बसली की कुणाला सोडत नाही.

आणि ओसरी, तुम्ही हिंदीत वाचलंत तेव्हा पहिल्या भागाच्या अगदी सुरुवातीचं लक्षात आहे ना? लेखिका म्हणते सत्यवतीची गोष्ट माझी नाही, बकुळच्या, म्हणजे सुवर्णाच्या मुलीच्या, वहीतून घेतलेली आहे. म्हणजे तिसऱ्या पिढीनं पहिल्या पिढीचं लिहिलंय. बकुळनं आपल्या आजीला कधी पाहिलेलंच नाही. जिच्यावर आई आयुष्यभर रुसून राहिली त्या आजीची गोष्ट नात लिहिते.

ओसरी

अरे देवा. हो. ते पहिलं पान मी घाईनं ओलांडलं होतं. आत्ता परत काढून वाचलं.

दहिवर

मी बकुळकथेच्या बाजूनं बोलायला आलोय, कारण सगळे तिला कमी लेखतात. इथेही वर कुणी नावच घेत नाहीये!

ऐका, बकुळ म्हणजे अनामिका देवी, यशस्वी लेखिका, लग्न न केलेली, भावांच्या घरात एका खोलीत राहणारी. तिला संमेलनांना बोलावतात, हार घालतात. म्हणजे आजीनं जे मागितलं आणि आईनं ज्याच्यासाठी तळमळून जीव दिला ते सगळं हिच्या हातात आहे. आणि ही आजूबाजूला बघते तर काय दिसतं, काही बाया खरंच मोकळ्या झाल्यात आणि काहींनी एक पिंजरा सोडून दुसरा, जास्त चकचकीत, पकडलाय. ती विचारते की याच्यासाठी का? यावरून लोक म्हणतात आशापूर्णा म्हातारपणी सनातनी झाल्या, 1974 सालच्या मुलींवर चिडल्या. मला नाही तसं वाटत. चिडल्या असत्या तर शंपा लिहिली नसती. भाची नव्हे, भावाची मुलगी, घरच्यांना न जुमानता एका कारखान्यातल्या पोराचा हात धरून घराबाहेर पडते, आणि बकुळचा सगळा जीव त्या शंपात. सत्यवती घर सोडते तेव्हा सगळं संपवून जाते, शंपा घर सोडते ती काहीतरी सुरू करायला. तीन पिढ्यांत तेवढं अंतर कापलं गेलं.

आणि बकुळची बहीण पारुल, गंगेच्या काठी एकटी राहणारी, कविता करून कुणाला न दाखवणारी. तिच्याबद्दल कुणी वेगळा धागा काढा. मी तर म्हणतो या तिन्ही पुस्तकांत सगळ्यात स्वतंत्र बाई तीच आहे, आणि तिनं कुणाशीही भांडण केलेलं नाही.

मान्य की पहिल्या भागाची पकड तिसऱ्यात नाही. प्रसंग विस्कळीत आहेत, मध्ये शंभरेक पानं मलाही जड गेली.

कापूसवात

दहिवर, पारुलबद्दल +१००.

पण दुसऱ्या भागातली छापखान्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. सुवर्णलता लपून छपून आयुष्यभराचं लिहिते. तिचा एक नात्यातला दीर, जगू, साधा भोळा, त्याचा छोटा छापखाना असतो. तो हौसेनं ते पुस्तक छापून देतो. वाईट कागद, ओळीओळीत चुका. आणि ते पुस्तक घरात येतं आणि तिची स्वतःची मुलं, इंग्रजी शिकलेली, त्यातल्या चुका मोठ्यानं वाचून हसतात. आई लेखिका झाली म्हणून. नवरा पण हसतो. ती काही बोलत नाही. गच्चीवर जाऊन सगळ्या प्रती जाळते, हस्तलिखितासकट. धाकटी बकुळ ते बघते.

पुढे आई गेल्यावर बकुळ त्या छापखान्यात जाऊन विचारते, एखादी प्रत, एखादा कागद राहिलाय का. काही राहिलेलं नसतं.

मुलींची शाळा बंद करणारे लोक जुन्या पिढीतले होते असं आपण म्हणतो, पण हसणारी मुलं नव्या पिढीतली होती. तीच मुलं स्वदेशीच्या गप्पा पण मारणार. वंगभंगाच्या वेळी, 1905 ला, सुवर्णलता घरातले विलायती कपडे जाळते तेव्हाही सगळे तिलाच वेडी ठरवतात. देश तिला कळला होता, घराला ती कळली नाही.

जुनीवही

याच्या जोडीला राससुंदरी देवींचं 'आमार जीबन' आठवतं. 1876 सालचं, बंगालीतलं पहिलं आत्मचरित्र, आणि ते एका गृहिणीचं. स्वयंपाकघरात पोथीचं एक पान आणि मुलाच्या अभ्यासाचं ताडपत्र लपवून, अक्षराला अक्षर जुळवून वाचायला शिकल्या. तिचं पुस्तक राहिलं. सुवर्णलतेचं जळलं. अशी जळलेली किती असतील याचा हिशोबच नाही.

हुगळीकाठ

ओसरी, परत तुमच्या मूळ प्रश्नाकडे. सत्यवतीचं पत्र विसरलात का? दुसऱ्या भागात नवकुमार आजारी असतो, सुवर्णाला बोलावून घेतो आणि तिच्या हातात आईचं पत्र ठेवतो. सत्यवतीनं सांगून ठेवलेलं असतं की मी मेल्यावर द्या. म्हणजे आईनं लिहिलं होतं. आठवण होती, सगळं होतं. पण जिवंत असताना नाही पोचवलं. हे पत्र सासूबाई कधीच पूर्ण वाचू शकल्या नाहीत, मध्येच चष्मा काढायच्या आणि मला म्हणायच्या, बोउमा (सूनबाई), चहा टाक. मी ते पत्र पहिल्यांदा पूर्ण वाचलं ते त्या गेल्यानंतर, स्वतः, बंगालीत, अक्षर अक्षर लावत.

माझं मत विचाराल तर सत्यवतीनं जायला हवं होतं आणि पत्र मात्र आधी पाठवायला हवं होतं. तेवढा एकच राग माझा तिच्यावर आहे.

तिखटमीठ

हे उत्तर मला चालेल. मी माझं शंभर टक्के नव्वदवर आणते.

ओसरी

पत्राचा भाग काल रात्री परत वाचला आणि मग न राहवून मावशीला फोन केला. ती 84 वर्षांची आहे, आजीची थोरली. तिला विचारलं की पणजीचं आणि आजीचं कधी काही बोलणं, पत्रव्यवहार होता का. मावशी म्हणाली पत्र नाही, मनिऑर्डर यायची. दर महिन्याला. आजी सही करून घ्यायची आणि पैसे देव्हाऱ्यामागच्या डब्यात टाकायची, घरात कितीही ओढाताण असली तरी त्यातला एक पैसा खर्च केला नाही. मी म्हटलं मग त्याचं पुढे काय झालं? मावशी सहज म्हणाली, अगं त्यातूनच तर आमची ट्रेनिंग कॉलेजची फी भरली. तिघींची. आजीनं सांगितलेलं, मॅट्रिक झाल्यावर ट्रेनिंग पुरं केल्याशिवाय स्थळ बघायचं नाही, आणि आजोबांची काय बिशाद होती नाही म्हणायची.

माझी आई शिक्षिका होती, दोन्ही मावश्या शिक्षिका. मला आयुष्यभर वाटायचं की हे आजोबांमुळे.

मी फोन ठेवून बराच वेळ तशीच बसले होते.

कापूसवात

ओसरी...

दहिवर

अंगावर काटा आला. पणजीचं नाव काय हो?

ओसरी

हेच विचारलं मी पण. मावशीला सासरचं नाव माहितीये, माहेरचं नाही. म्हणाली घरात कुणी घ्यायचंच नाही.

पारंबी

मग बकुळ तुम्हीच. लिहून काढा सगळं. मावशी आहेत तोवर.

ओसरी

मावशी रविवारी येतेय राहायला, आठ दिवस आहे. वही आणून ठेवलीये. ती सांगेल तसं इथे थोडं थोडं टंकत जाईन म्हणते. वेगळा धागा काढू का?

हुगळीकाठ

नको, इथेच लिहा. आणि मावशींना विचारा, मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली दोन ओळी लिहायला जागा असायची. तिथे त्या काही लिहायच्या का?